बी.आर्क. झालंय, आता स्पॅनिश शिकलं की युरोपात काम मिळतं का? रीलमध्ये न सांगितलेली अर्धी गोष्ट

इन्स्टाग्रामवर आर्किटेक्चरच्या चार पोस्ट लाईक केल्या की पाचवी रील ठरलेली असते. मागं बार्सिलोनाचं सग्रादा फामिलिया चर्च, पुढं कॅमेऱ्याकडं बघणारा हसरा चेहरा आणि स्क्रीनवर मोठी अक्षरं, "बी.आर्क. झालंय? सहा महिन्यांत स्पॅनिश शिका, युरोपात सेटल व्हा!" खाली कमेंटमध्ये नाशिक, कोल्हापूर, नागपूरची पोरं-पोरी विचारत असतात, "फी किती?", "बेसिक लेव्हल पुरेल का?", "जॉब लागतो का?"

रीलमधली गोष्ट खोटी नसते, ती अर्धी असते. स्पॅनिश आली की आर्किटेक्टसाठी काही दारं खरंच उघडतात. पण काही दारांना भाषेचं कुलूप नसतंच, कायद्याचं असतं. ते कुलूप कुठल्याही क्लासच्या सर्टिफिकेटनं उघडत नाही. क्लास, परीक्षा, व्हिसा, तिकडं राहण्याचा खर्च असं सगळं मिळून घरच्यांचे लाखो रुपये आणि आपली दोन-तीन वर्षं पणाला लागतात. त्यामुळं कुठल्या दाराला कुठली चावी लागते, हे आधी समजून घेतलेलं बरं.

पण मुळात स्पॅनिशच का?

स्पॅनिश वीस देशांची अधिकृत भाषा आहे आणि ती मातृभाषा म्हणून बोलणारे जवळपास ५० कोटी लोक आहेत, हे प्रत्येक क्लासच्या जाहिरातीत असतं. पण नुसत्या कोटींच्या आकड्यांवर करिअर होत नाही. हिंदी बोलणारेही कोट्यवधी आहेत, म्हणून कुणी जपानमध्ये हिंदी शिकून इथं घरं बांधायला येत नाही.

आर्किटेक्टसाठी कारण वेगळं आहे. आपल्यासारख्याच अडचणी असलेल्या देशांमध्ये, म्हणजे कडक ऊन, भूकंप, वाढती शहरं, कमी पैसा आणि हातानं काम करणारे भरपूर कारागीर असलेल्या देशांमध्ये, फार मोठं काम या भाषेत झालंय.

आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा समजला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार बघा. १९८० मध्ये तो मेक्सिकोच्या लुईस बारागान यांना मिळाला, १९९६ मध्ये स्पेनच्या राफाएल मोनेओ यांना, २०१६ मध्ये चिलीच्या आलेहान्द्रो आरावेना यांना आणि २०१७ मध्ये स्पेनमधल्याच ओलोत गावातल्या तिघा भागीदारांच्या आरसीआर या ऑफिसला. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, तो पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींना मिळाला.

उरुग्वेचे इंजिनियर एलादियो दिएस्ते यांनी तर साध्या विटेत सळई घालून नागमोडी भिंती आणि मोठमोठी छतं उभी केली. आत्लान्तिदा गावातलं त्यांचं चर्च २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. वीट हे आपलंही रोजचं साहित्य आहे.

आणि तुम्ही प्रोजेक्टच्या आदल्या रात्री केस स्टडीसाठी जी वेबसाइट उघडता, ती आर्चडेलीसुद्धा चिलीतून आलेली आहे. तिथल्या दोन आर्किटेक्टनी २००६ मध्ये आधी स्पॅनिशमध्ये प्लाताफोर्मा आर्कितेक्तुरा ही साइट काढली, मग २००८ मध्ये इंग्रजीतली आर्चडेली आली.

लिमा ते बेलापूर

महाराष्ट्राचा आणि स्पॅनिश जगाचा आर्किटेक्चरमधला एक धागा फारसा कुणाला माहीत नसतो. १९६० च्या दशकाच्या शेवटी पेरू देशाच्या सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं राजधानी लिमामध्ये प्रेव्ही नावाचा घरबांधणीचा प्रयोग केला. पेरूचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फेर्नान्दो बेलाउन्दे तेर्री स्वतः आर्किटेक्ट होते. जगभरातून तेरा आर्किटेक्ट आणि गट निवडले गेले. त्यात ब्रिटनचे जेम्स स्टर्लिंग होते, नेदरलँड्सचे आल्डो व्हान आयक होते आणि मुंबईचे चार्ल्स कोरियाही होते.

कल्पना अशी होती की सरकारनं गरिबाला पूर्ण घर देऊ नये, वाढू शकेल असं घर द्यावं. आधी गरजेपुरतं बांधायचं, मग पोरं मोठी झाली, चार पैसे आले की त्या कुटुंबानंच वर मजला चढवायचा, पुढं दुकान काढायचं. कोरियांची घरं तिथं बांधलीही गेली.

पुढं १९८० च्या दशकात कोरियांनी नवी मुंबईत सिडकोसाठी बेलापूरची वसाहत केली, जिला आपण आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतो. तिथंही तोच विचार दिसतो. छोटे प्लॉट, सामाईक अंगणं आणि प्रत्येक घर शेजाऱ्याच्या भिंतीला न चिकटलेलं, म्हणजे ज्याला त्याला आपापलं घर वाढवता यावं. चिलीत आरावेनांनी २००४ च्या सुमारास इकिके शहरात शंभरेक कुटुंबांसाठी "अर्धं घर" बांधलं. सरकारी अनुदान घरामागं फक्त ७,५०० डॉलर होतं. त्यात स्वयंपाकघर, बाथरूम, जिना असा अवघड भाग बांधून दिला आणि उरलेला अर्धा भाग कुटुंबांवर सोडला.

झोपडपट्टी पुनर्वसन किंवा परवडणारी घरं या विषयात काम करायचं असेल, तर लिमा आणि इकिकेमध्ये पुढं काय झालं, कुणी घर कसं वाढवलं, कुठं चुकलं, यावरचा अभ्यास मोठ्या प्रमाणात स्पॅनिशमध्ये आहे. त्यामुळं संशोधन करणाऱ्यासाठी ही भाषा शोभेची राहत नाही, कामाचं हत्यार होते.

आता दारांकडं वळू.

पहिलं दार: स्पेनमध्ये मास्टर्स

इथं पहिला धक्का बसतो. स्पेनमध्ये शिकायला स्पॅनिश लागतेच असं नाही. बार्सिलोनामधल्या आयएएसी या संस्थेत मास्टर्सचे कोर्स इंग्रजीत चालतात आणि तिथं जगभरातून विद्यार्थी येतात. खासगी विद्यापीठांमध्येही इंग्रजीतले कोर्स आहेत.

स्पॅनिश लागते ती मुख्यतः सरकारी विद्यापीठांमध्ये. माद्रिदच्या पोलितेक्निका विद्यापीठाचं आर्किटेक्चर कॉलेज, बार्सिलोनाचं, सेव्हियाचं, व्हालेन्सियाचं, ही सगळी नावाजलेली कॉलेजं. स्पॅनिश माध्यमाच्या कोर्सला साधारण बी२ लेव्हल धरून चालावं. म्हणजे लेक्चर समजलं पाहिजे, ज्यूरीसमोर आपलं डिझाइन मांडता आलं पाहिजे आणि प्राध्यापकानं आडवा प्रश्न टाकला तर उत्तरही देता आलं पाहिजे.

या दारात दोन खाचखळगे आहेत.

एक, बार्सिलोनात फक्त स्पॅनिश चालत नाही. तिथली कातालान ही वेगळी भाषा आहे, स्पॅनिशची बोली नाही. सरकारी विद्यापीठातले बरेच विषय कातालानमध्ये शिकवले जातात. दोन वर्षं स्पॅनिश घोकून पहिल्याच दिवशी वर्गात तिसरीच भाषा ऐकू येऊ शकते. प्रवेश घेण्याआधी प्रत्येक विषयापुढं शिकवण्याची भाषा कुठली लिहिली आहे, ते तपासा.

दोन, स्पेनमध्ये मास्टर्स दोन प्रकारची असतात. एक सरकारमान्य अधिकृत मास्टर्स आणि दुसरं तितुलो प्रोपियो, म्हणजे विद्यापीठाची किंवा संस्थेची स्वतःची पदवी. दुसऱ्या प्रकारात शिक्षण उत्तम असू शकतं. पण पुढं पीएचडी किंवा सरकारी मान्यतेची वेळ आली की फरक पडतो. ब्रोशरमध्ये दोन्हींना "मास्टर" असंच लिहिलेलं असतं, त्यामुळं हा प्रश्न आपणच ईमेलवर विचारायचा आणि उत्तर लेखी घ्यायचं.

दुसरं दार: स्पेनमध्ये आर्किटेक्ट म्हणून सही करणं

खरं कुलूप इथं आहे.

आपल्याकडं १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी असल्याशिवाय नावापुढं आर्किटेक्ट लावता येत नाही. स्पेनमध्येही हा कायद्यानं बांधलेला व्यवसाय आहे. तिथल्या विद्यार्थ्याला पाच वर्षांच्या पदवीनंतर व्यवसायाची पात्रता देणारं साधारण वर्षभराचं मास्टर्स करावं लागतं, तेव्हा कुठं तो आर्किटेक्ट ठरतो. कुठलंही मास्टर्स चालत नाही, ठरावीकच लागतं. रीलवाले ज्या डिजिटल फॅब्रिकेशन किंवा अर्बन डिझाइनच्या मास्टर्सबद्दल बोलतात, त्यानं ही पात्रता मिळत नाही.

मग आपल्या बी.आर्क.चं काय? त्यासाठी स्पेनच्या मंत्रालयाकडं ओमोलोगासिओन नावाचा अर्ज करावा लागतो. तुमची पदवी तिथल्या व्यावसायिक पदवीच्या तोडीची आहे का, हे ते तपासतात. मार्कशीट, विषयांचा तपशील, अपॉस्टिल, अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर असं सगळं लागतं आणि निकालाला अनेक महिने, कधी त्याहूनही बराच जास्त काळ जातो. बऱ्याचदा उत्तर येतं की अमुक विषय कमी आहेत, ते पूर्ण करा.

विषय कमी का पडतात? स्पेनमधला आर्किटेक्ट घराच्या नकाशाबरोबर इमारतीच्या स्ट्रक्चरचीही जबाबदारी घेऊ शकतो, त्यामुळं तिथल्या अभ्यासक्रमात स्ट्रक्चर आणि इमारतीतल्या यंत्रणा यांवर भर असतो. आपल्याकडं स्ट्रक्चरची सही बहुतेकदा स्ट्रक्चरल इंजिनियरची असते.

त्या सहीला वजनही आहे. १९९९ च्या तिथल्या बांधकाम कायद्यानं जबाबदारीच्या मुदती ठरवल्या आहेत. स्ट्रक्चरमधल्या गंभीर दोषासाठी दहा वर्षं, ओल, आवाज अशा राहण्यायोग्यतेच्या दोषांसाठी तीन वर्षं आणि फिनिशिंगसाठी एक वर्ष. म्हणजे तिथं सही करायची तर "ओला, केताल" म्हणता येऊन भागत नाही. कायदा वाचून समजेल इतकी भाषा लागते.

सही न करताही तिथल्या ऑफिसमध्ये डिझाइन, ड्रॉइंग किंवा बीआयएमचं काम करता येतं. पण बाजाराची स्थिती माहीत असू द्या. २००८ च्या मंदीत स्पेनमधला बांधकामाचा फुगा फुटला आणि तिथलेच कितीतरी आर्किटेक्ट काम शोधत जर्मनी, ब्रिटन, लॅटिन अमेरिकेत गेले. तिथल्या आर्किटेक्चर ऑफिसांमध्ये "खोटा स्वयंरोजगार" हा जुना वादाचा विषय आहे. माणूस रोज ऑफिसात येतो, बॉसचं ऐकतो, पण कागदावर तो स्वतंत्र व्यावसायिक असतो, त्यामुळं सुट्टी, नुकसानभरपाई असं काहीच मिळत नाही. ऑफर आली तर ती नोकरीचा करार आहे की बिल देऊन पैसे घेण्याची सोय, हे आधी बघा. व्हिसाच्या दृष्टीनंही हा फरक मोठा असतो.

बारावीनंतर थेट स्पेनमध्येच पदवी करायचा विचार असेल, तर उलटा प्रश्न येतो. परत आल्यावर ती पदवी भारतात नोंदणीसाठी चालेल का, हे निघायच्या आधी कौन्सिलला विचारा.

तिसरं दार: अमेरिका

हे दार रीलमध्ये क्वचितच दिसतं, पण मुंबई-पुण्यातून दरवर्षी अमेरिकेत मास्टर्सला जाणाऱ्यांसाठी ते सगळ्यात जवळचं आहे. अमेरिकेत बांधकामावर काम करणाऱ्या दर तीन माणसांपैकी जवळपास एक लॅटिन अमेरिकी वंशाचा असतो. टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा इथल्या साइटवर स्पॅनिश सतत कानावर पडते.

तिथं परवान्याच्या परीक्षा इंग्रजीत असतात, ऑफिसही इंग्रजीतच चालतं. पण साइट व्हिजिटला गेल्यावर टाइल लावणाऱ्याशी, सुताराशी थेट बोलता येणारा ज्युनियर आर्किटेक्ट आणि सुपरवायझर येईपर्यंत थांबणारा ज्युनियर आर्किटेक्ट यांत फरक पडतोच. इथं बी२ची सक्ती नाही. नीट आलेली बी१ आणि साइटवरचे तीन-चारशे शब्द पुष्कळ झाले.

चौथं दार: लॅटिन अमेरिका, आणि पाचवं: इथंच राहून

मेक्सिको, कोलंबिया, चिली इथं आज जगाचं लक्ष वेधणारं काम होतंय आणि तिथल्या ऑफिसमध्ये इंटर्नशिप करणं हा मोठा अनुभव ठरू शकतो. पण पगार तिथल्या चलनात आणि तिथल्या दरानं असतो, इंटर्नशिप असेल तर तोही बेताचा. शिवाय व्यवसाय करायचा तर प्रत्येक देशाची नोंदणी वेगळी. स्पॅनिश एक, पण कायदे वीस.

इथं राहून फायदा होतो का? थोडा. बाथरूममधला रोका ब्रँड बार्सिलोनाचा आणि आता पॅरीवेअरही त्यांच्याच मालकीचं. स्पेनच्या टाइल कंपन्यांचा मालही आपल्या बाजारात आहे. पण अशा कंपन्यांची भारतातली कामं प्रामुख्यानं इंग्रजीत चालतात. स्पॅनिश ही तिथं जमेची बाजू असते, नोकरीची अट सहसा नसते.

क्लासमध्ये न शिकवली जाणारी स्पॅनिश

समजा दार ठरलं, क्लास लागला. क्लासमध्ये तुम्ही हॉटेलात जेवण मागवायला, रेल्वेचं तिकीट काढायला शिकाल. ड्रॉइंगवर मात्र भलतेच शब्द भेटतात.

प्लानो म्हणजे ड्रॉइंगची शीट. प्लान्ता म्हणजे प्लॅन, पण मजल्यालाही प्लान्ताच म्हणतात, कारखान्यालाही आणि झाडालाही. आल्सादो म्हणजे एलेव्हेशन, सेक्सिओन म्हणजे सेक्शन. ओब्रा म्हणजे साइट आणि प्रेसुपुएस्तो म्हणजे एस्टिमेट. सेमेन्तो म्हणजे सिमेंट, पण सिमिएन्तो म्हणजे पाया. ऐकताना घाई केली तर पायाच्या जागी सिमेंट येतं.

त्यात देशागणिक शब्द बदलतात. काँक्रीटला स्पेन, चिली, अर्जेंटिनात ओर्मिगोन म्हणतात, तर मेक्सिको, कोलंबिया, पेरूत कोन्क्रेतो. शटरिंगला स्पेनमध्ये एन्कोफ्रादो, मेक्सिकोत सिम्ब्रा. म्हणून कुठल्या देशासाठी शिकताय, हे आधी ठरलेलं असेल तर निम्मं ओझं कमी होतं.

मजल्यांचा घोळ तर खास. स्पेनमध्ये आपल्यासारखाच हिशोब आहे, तळमजला म्हणजे प्लान्ता बाखा आणि त्यावरचा पहिला. पण कोलंबिया, पेरू, चिलीत तळमजल्यालाच प्रिमेर पिसो, म्हणजे पहिला मजला म्हणतात. तिथं कुणी "दुसऱ्या मजल्याचा स्लॅब" म्हटलं तर तो आपला पहिला असतो.

सगळ्यात महागात पडू शकतो तो स्वल्पविराम. स्पेन आणि दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक देशांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि हजारासाठी टिंब. ड्रॉइंगवर ३,५० दिसलं तर ते साडेतीन मीटर असतं. एस्टिमेटमध्ये १.५०० युरो दिसले तर ते दीड युरो नसतात, दीड हजार असतात. मेक्सिको मात्र आपल्यासारखंच टिंब वापरतो. शिवाय आपण ड्रॉइंगवर मिलिमीटर लिहितो, तिकडं बऱ्याचदा मीटर लिहितात.

सॉफ्टवेअरही बदलतं. स्पॅनिश ऑटोकॅडमध्ये मूव्हची कमांड देस्प्लासा होते आणि ट्रिमची रेकोर्ता. बोटांना सवय असलेले शॉर्टकट तिथं चालत नाहीत. यावर एक सोपा उपाय आहे. इंग्रजी कमांडच्या आधी अंडरस्कोअर टाकला की ती कुठल्याही भाषेच्या ऑटोकॅडमध्ये चालते. नव्या ऑफिसातला पहिला आठवडा एवढ्यावर निभावतो.

मराठी बोलणाऱ्याला स्पॅनिश सोपी का जाते?

आता जरा चांगली बातमी. इंग्रजी माणसाला स्पॅनिशमधले त आणि द जमवायला वेळ लागतो, कारण त्याच्या तोंडात ट आणि ड बसलेले असतात. आपल्याकडं ते आधीपासून आहेत. लिहिलं तसं वाचायचं, हाही नियम आपल्याला परका नाही.

व्याकरणातही ओळखीचं बरंच सापडतं. मराठीत "जातो" म्हटलं की "मी" सांगावं लागत नाही, स्पॅनिशमध्येही तसंच. वस्तूंना लिंग असतं आणि विशेषण त्याप्रमाणं बदलतं, आपल्या चांगला-चांगलीसारखं. उलट आपल्याकडं तीन लिंगं, तिकडं दोनच. "मला घर आवडतं" हे वाक्य तर जसंच्या तसं बसतं, "मे गुस्ता ला कासा". इंग्रजीतून शिकवणारे शिक्षक या रचनेवर तासभर घालवतात, मराठीतून विचार केला तर ती एका मिनिटात कळते. तू आणि तुम्ही हा फरकही आहेच. साइटवरच्या वयस्कर कारागिराला थेट तू म्हणायचं नाही, उस्तेद म्हणायचं.

अवघड जातं ते दोन प्रकारचं "आहे". घर कसं आहे, म्हणजे त्याचा स्वभाव, याला सेर हे क्रियापद. घर आत्ता कुठल्या अवस्थेत आहे किंवा कुठं आहे, याला एस्तार. इथं घोटाळे होतात आणि सरावानंच सुटतात.

शब्दांमध्येही ओळखीचे चेहरे भेटतात. स्पॅनिश आणि पोर्तुगीज सख्ख्या बहिणी आणि पोर्तुगीजांमुळं त्यांचे कितीतरी शब्द गोवा, कोकणमार्गे मराठीत आले. चावी, साबण, बटाटा हे त्यातलेच. स्पॅनिशमध्ये चावीला याव्हे, साबणाला खाबोन म्हणतात. बांधकामावरचा आपला मिस्त्री, कोकणातला मेस्त्री, हाही मूळ पोर्तुगीज मेस्त्रेवरून आलेला. त्याचा स्पॅनिश भाऊ आहे माएस्त्रो. लॅटिन अमेरिकेच्या साइटवर मुख्य कारागिराला आजही माएस्त्रोच म्हणतात.

किती वेळ लागतो आणि कुठून शिकायचं?

अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती उत्तम स्पॅनिश यावी म्हणून साधारण ६०० ते ७५० तासांचे वर्ग धरतं. तुम्ही रोज दीड तास दिला, एकही दिवस खाडा केला नाही, तरी ६०० तासांना ४०० दिवस लागतात. सहा महिन्यांत होतात जेमतेम २७० तास. तेवढ्यात प्राथमिक लेव्हल पार होते, पण सरकारी विद्यापीठातली ज्यूरी झेपत नाही. रीलमधल्या "सहा महिन्यां"चा हिशोब हा असा आहे.

परीक्षा दोन महत्त्वाच्या. देले हा स्पेन सरकारचा दाखला, एकदा मिळाला की आयुष्यभर चालतो. त्यात लेव्हल आधी निवडायची आणि पास किंवा नापास व्हायचं. सिएले ही कॉम्प्युटरवरची परीक्षा, तिच्यात गुणांवरून तुमची लेव्हल ठरते आणि निकाल पाच वर्षं चालतो. विद्यापीठ कुठली मागतं ते बघून मगच फी भरा.

स्पेन सरकारची सेर्व्हान्तेस संस्था दिल्लीत आहे आणि तिचे ऑनलाइन कोर्सही असतात. पुण्यात परदेशी भाषा म्हटलं की रानडे इन्स्टिट्यूट आठवतं, तिथल्या विद्यापीठ विभागात स्पॅनिशही शिकवली जाते.

क्लासच्या जोडीला आर्किटेक्टनं दोन गोष्टी कराव्यात. पहिली, ओळखीचा एखादा प्रोजेक्ट आर्चडेलीवर इंग्रजीत वाचायचा आणि मग तोच त्यांच्या स्पॅनिश साइटवर शोधून वाचायचा. इमारत डोळ्यासमोर असते, त्यामुळं शब्द आपोआप उलगडतात. कॉलेजच्या लायब्ररीत माद्रिदहून निघणारं एल क्रोकिस मासिक असेल तर तेही दोन्ही भाषांत छापलेलं असतं.

दुसरी, स्पेनची बांधकाम नियमावली उघडून बघायची. २००६ मध्ये लागू झालेली ही नियमावली ऑनलाइन फुकट मिळते. सगळी वाचायची गरज नाही, फक्त जिन्याचा भाग घ्या. सार्वजनिक जिन्याच्या पायरीची रुंदी किमान २८ सेंटिमीटर हवी, असं तिथं सापडेल. त्या रुंदीला ते उएया म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ पाऊलखूण. आपल्या पायरीत पाय आहे, त्यांच्या पायरीत पायाचा ठसा. असा शब्द एकदा भेटला की विसरत नाही.

मग ठरवायचं कसं?

क्लासची फी भरण्याआधी एका कागदावर तीन प्रश्न लिहा. मला कुठल्या देशात जायचंय? तिथं जाऊन शिकायचंय, ऑफिसात काम करायचंय की स्वतः सही करायचीय? आणि त्या दाराला भाषेचं कुलूप आहे की परवान्याचं?

इंग्रजीतलं मास्टर्स असेल तर रोजच्या जगण्यापुरती ए२ घेऊन निघा. सरकारी विद्यापीठ असेल तर बी२ साठी सव्वा-दीड वर्ष बाजूला काढा. अमेरिका असेल तर साइटवरचे शब्द पाठ करा. आणि स्पेनमध्ये सहीच करायची असेल, तर आधी ओमोलोगासिओनची कागदपत्रं बघा, आपल्या बी.आर्क.चा अभ्यासक्रम तिथल्या विषयांशी ताडून बघा, मग व्याकरणाचं पुस्तक उघडा.

घर बांधताना आपण आधी प्लॉटची कागदपत्रं तपासतो, एलेव्हेशनचा रंग शेवटी ठरवतो. इथंही क्रम तोच ठेवायचा.